ससा खाईनासा झाला, तर सकाळची वाट पाहू नका

अंबाजोगाईच्या एका ताईंनी विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. १२ दिवसांपूर्वी लेकीच्या हट्टापायी त्यांनी आठवडी बाजारातून सशाची दोन पांढरी पिल्लं आणली. विकणाऱ्यानं महिन्याची आहेत म्हणून सांगितलं. चार दिवस पिल्लांनी घरभर उड्या मारल्या. पाचव्या दिवशी एकाला पातळ जुलाब लागले आणि सातव्या दिवशी पहाटे ते गेलं. दुसरं काल संध्याकाळपासून कोपऱ्यात अंग फुगवून बसलंय, मेथी तोंडासमोर धरली तर मान फिरवतं, आणि हरभऱ्याएवढ्या पडणाऱ्या लेंड्या आता मुगाएवढ्या झाल्यात. मेडिकलवाल्यानं लहान लेकरांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलंय. ते पाजू का, आमचं काय चुकलं, आणि हे वाचलं तर त्याला जोडीदार आणू का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, सिरप पाजू नका. बाटली तशीच बाजूला ठेवा.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी कितीही सांगितलं तरी तुम्ही ठाम राहाल. वैरण पचवायचं काम गाईच्या पोटात पुढं, कोठीपोटात होतं. सशात तेच काम मागं, आंधळ्या आतड्यात होतं. तिथं कोट्यवधी उपयोगी जंतू राहतात आणि त्यांच्याच जिवावर ससा गवतावर जगतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं तोंडावाटे गेली की ती या उपयोगी जंतूंना मारतात. मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, विष तयार करतात, आणि दोन-चार दिवसांत ससा जुलाबानं जातो. तेच औषध तुमच्या लेकीला निर्धोक आहे आणि सशाला जीवघेणं आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षांत, गाई-म्हशी आणि शेळ्यांपलीकडं हाताला फारसं वळण नव्हतं तेव्हा, एका शिक्षकांच्या घरच्या सशाला जबड्यापाशी गळू झालं होतं. मी अँपिसिलिन तोंडावाटे द्यायला लिहून दिलं. गळू उतरत आलं, घरचे खूष झाले, आणि चौथ्या दिवशी ससा जुलाबात गेला. त्या मास्तरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण मला आजही ते घर आठवतं. तेव्हापासून सशाला औषध लिहिताना माझा हात आधी थांबतो.

आता आजचं बघू. तुमच्या पिल्लानं काल संध्याकाळपासून खाल्लेलं नाही. सशाच्या बाबतीत १०-१२ तास उपाशी राहणं म्हणजे तातडीचा रुग्ण. म्हैस एक वेळ वैरण सोडते तेव्हा आपण म्हणतो बघू उद्या. सशाला ते चालत नाही. त्याचं आतडं सतत हलतं राहावं लागतं, आणि ते हलतं ठेवणारी गोष्ट म्हणजे आत जाणारी वैरण. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतलं घट्ट होतं, वायू धरतो, पोट दुखायला लागतं, आणि पोट दुखतंय म्हणून ससा आणखी खात नाही. शिवाय सशाला ओकारी काढता येत नाही, त्यामुळं पोटात गेलेलं मागं येत नाही. ही साखळी कुठं तरी तोडावी लागते.

सगळ्यात आधी त्याच्या पोटाला हात लावून बघा. बोटांनी हलकंच, बरगड्यांच्या खाली. कणकेसारखं मऊ लागलं तर थोडा वेळ हातात आहे. डफासारखं ताठ, फुगलेलं लागलं, तर तोंडावाटे काहीही न देता थेट डॉक्टर गाठा, मग रात्र असो की दुपार.

मग कान धरून बघा. कानांना धरून पिल्लू उचलायचं नाही, कान नुसते बोटांत धरायचे. थंडगार लागले आणि पिल्लू ढिलं पडलं असेल तर त्याचं अंग निवत चाललंय. सशाचं शरीराचं तापमान साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं. १०० च्या खाली आलं की धोका. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट-गरम पाणी भरून, जाड फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, आणि नको वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल एवढी जागा सोडा. अंग गरम झाल्याशिवाय तोंडात काही घालू नका, थंड पडलेल्या जिवाला पचवायची ताकद नसते.

ऊब आली की पाणी. सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या. सशाच्या पुढच्या दातांमागं दाढांपर्यंत मोकळी जागा असते. ओठाच्या कडेनं सिरिंज तिथं सरकवा आणि थेंब-थेंब सोडा. त्यानं गिळलं, जबडा हलला, की पुढचा थेंब. नाकासमोर धरून एकदम पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं आणि जुलाबाऐवजी न्यूमोनियानं जातं ते पिल्लू. पाण्यात ओआरएस चालेल, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून.

त्यानंतर पातळ खाद्य. सशाच्या गोळीखाद्याची पूड कोमट पाण्यात भिजवून, सिरिंजमधून उतरेल इतकी सैल करा. ते नसेल तर वाळलेला लसूणघास मिक्सरमधून काढून चाळून घ्या, तीच पूड भिजवा. किलोभर वजनाच्या सशाला एका वेळी १० ते १२ मिली, चार-पाच तासांनी. तुमचं पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास असणार, म्हणजे ५-६ मिली पुरे. एकदम नाही, घोटाघोटानं, मध्ये दम घेऊ देत. जुलाब पाण्यासारखे लागले असतील तर आधी पाण्यावर भर, खाद्य डॉक्टरनं बघितल्यावर. समोर मात्र वाळलेलं गवत आणि मूठभर ताजी कोथिंबीर कायम राहू द्या. आपणहून एक काडी उचलली तर तीच खरी बातमी.

दूध देऊ नका. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं आजारी जिवाला पहिलं दूध. दूध, दूधपोळी, बिस्कीट, पाव, भात, साखरपाणी, गूळपाणी, यातलं काहीही त्याच्या आतड्यातल्या नको त्या जंतूंना खाऊ घालण्यासारखं आहे. जुलाब थांबवायच्या माणसांच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक हेही नको. सशाला वेदना होतात, त्यावर औषध लागतंच, पण त्याचं औषध आणि मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतील.

एवढं करून निघा. घरी उपचार करत बसण्यासाठी हे सांगितलेलं नाही. वाटेत तग धरावा म्हणून सांगितलंय.

जायचं कुठं, हा मराठवाड्यातला खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई, म्हशी, शेळ्यांत जातो, ससा त्यांच्या टेबलावर वर्षातून दोनदा येतो. म्हणून त्यांच्याकडं जाऊच नये असं नाही. सलाइन कातडीखाली देणं, लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, वेदना कमी करणं हे त्यांना येतंच. तुम्ही एवढं नक्की बोला: ‘डॉक्टरसाहेब, तोंडानं पेनिसिलिन गटातलं काही नको.’ अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन त्याच गटातली. चांगला डॉक्टर याचा राग मानणार नाही. आणखी लागलं तर परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथल्या चिकित्सालयात लहान प्राणीही बघतात. अंबाजोगाईहून सकाळी निघून दिवसभरात परत येता येतं. शासनाची फिरती पशुवैद्यकीय सेवा १९६२ या क्रमांकावर आहे, जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारायला तरी फोन करा.

नेताना डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात बारदाना आणि वर वाळलेलं गवत अंथरा. मोटारसायकलवर पिशवीत लटकवून नेऊ नका. आणि सोबत तीन गोष्टी न्या: आजच्या ताज्या लेंड्या छोट्या डबीत, १२ दिवसांत काय-काय खाऊ घातलं त्याची चिठ्ठी, आणि पहिलं पिल्लू कसं गेलं त्याचा तारीखवार हिशोब.

लेंड्यांवरून एक आजी आठवतात. गंगाखेडकडच्या. नातवाचा ससा घेऊन आल्या त्या हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन. टेबलावर उलगडली तर आत तीन दिवसांच्या लेंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक ओळीपुढं कोळशानं खूण: सकाळ, दुपार, रात्र. पहिल्या ओळीत टपोऱ्या, गोल, फिकट तपकिरी, मोडल्या तर आत गवताचा चुरा दिसेल अशा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून लहान, काळ्या, टणक. तिसऱ्या सकाळी दोन लेंड्या केसानं जोडलेल्या, माळेसारख्या. मग ओळच रिकामी. मला पुढं फारसं विचारावंच लागलं नाही. कधीपासून आतडं मंदावलं, केस गिळतोय म्हणजे वैरण कमी पडतेय, पाणी कमी जातंय, सगळं त्या कागदावर होतं. आजी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर शेळ्या राखल्या होत्या आणि जनावर काय सांगतं ते कुठं बघायचं हे त्यांना माहीत होतं. तो ससा वाचला.

म्हणून रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या बघा. निरोगी मोठा ससा दिवसाला दीडशे-दोनशेच्या वर लेंड्या टाकतो, त्यामुळं एखाद्या दिवशी केरात काहीच नाही हे लगेच कळतं. कधी कधी काळसर, चकचकीत, मऊ, तुतीच्या फळासारखा घोस दिसेल, वासही उग्र असेल. तो जुलाब नव्हे. ती त्याची दुसरी लेंडी, जी तो गुदद्वारातूनच तोंडानं घेऊन पुन्हा खातो, आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. त्याला ती खाऊ द्या, लेकरांनी ‘ईऽऽ’ केलं तरी. तो घोस रोज पडून राहायला लागला तर समजायचं की हिरवं आणि दाणा जास्त होतोय, गवत कमी पडतंय. लघवी लालसर-केशरी दिसली म्हणून घाबरून येणारेही बरेच असतात. बहुतेक वेळा तो खाल्लेल्या पाल्याचा रंग असतो. मात्र ससा कुंथत असेल, थेंब-थेंब होत असेल किंवा गुठळी दिसली तर थांबू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला वाटतं तुम्हाला तोच सगळ्यात जास्त छळतोय. आमचं काय चुकलं?

ताई, महिन्याचं पिल्लू विकायलाच नको होतं. सशाचं पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपाशी हवं. आईच्या दुधावरून गवतावर येताना त्याचं आतडं बदलत असतं, आणि त्याच दिवसांत त्याला आईपासून तोडलं, पाटीत वीस-पंचवीस पिल्लांत कोंबलं, बाजारात उन्हात ठेवलं, पिशवीत घालून एसटीनं नेलं, नव्या घरात नवं खाणं दिलं. यातली एक गोष्टही आतड्याला धक्का द्यायला पुरते. घरी आणून चार-पाच दिवसांनी जुलाब लागणं हे मी इतक्या वेळा बघितलंय की दार उघडताच विचारतो, बाजारातून कधी आणला?

बहुतेकदा मुळाशी कॉक्सिडिया असतात. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी. मोठ्या सशाच्या अंगात ते थोडेफार असूनही तो धडधाकट दिसतो, पण दूध तुटलेल्या पिल्लावर ताण आला की ते भराभर वाढतात. काही जाती आतड्यात राहतात, एक जात थेट यकृतात जाते. यकृत धरलेलं पिल्लू पोटानं मोठं आणि पाठीनं वाळकं दिसतं. मेल्यावर उघडून पाहिलं तर यकृतावर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे-पिवळे ठिपके विखुरलेले असतात. तुमचं पहिलं पिल्लू नेमकं कशानं गेलं हे आता ठामपणे सांगता येणार नाही, ते शवविच्छेदनातूनच कळलं असतं. पण दुसरं त्याच पाटीतून आलेलं आहे, एकाच पिंजऱ्यात होतं, म्हणून त्याची लेंडी आजच तपासून घ्या. कॉक्सिडिया निघाले तर सल्फा गटातली औषधं आणि टोल्ट्राझुरिल चांगली लागू पडतात. ती मेडिकलमधून अंदाजानं आणू नका, अर्ध्या किलोच्या जिवाला चार थेंबांनी फरक पडतो.

पिंजऱ्याचं मात्र तुमच्या हातात आहे. लेंडीतून बाहेर पडलेली कॉक्सिडियाची अंडी ताजी असताना रोग देत नाहीत, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत ती तयार होतात. श्रावणातल्या दमट हवेत तर फारच लवकर. म्हणून लेंड्या रोज काढायच्या, एक दिवसही राहू द्यायच्या नाहीत. फिनाइल आणि डेटॉलला ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओता आणि पिंजरा खरपूस उन्हात वाळवा. लाकडी फळीत ओल मुरते, शक्य असेल तर ती फळीच बदला. गवत जमिनीवर टाकू नका, जाळीच्या खिशात टांगा, म्हणजे लेंड्यांत माखलेलं खाणार नाही. सशाचे हे कॉक्सिडिया माणसाला किंवा तुमच्या शेळ्या-कोंबड्यांना होत नाहीत, तेवढी काळजी सोडा.

लेकरांना सशापासून होऊ शकतं ते गजकर्ण आणि खरूज. नाकावर, कानाच्या कडेला, पंजांवर केस जाऊन कोंडा दिसला की लेकीला काही दिवस लांब ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कानाच्या आत तपकिरी, पापुद्र्यांसारख्या जाड खपल्या साचल्या असतील तर ती कानातली खरूज. ससा मान झटकत राहतो, मागच्या पायानं कान ओरबाडतो. त्या खपल्या ओढून काढू नका, खाली कच्चं मांस असतं आणि त्याला असह्य दुखतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन १०-१४ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा दिलं की खपल्या आपोआप गळतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलचं औषध सशाला कधीही लावू नका. सशाला ते विषारी आहे, आणि घरात कुत्र्यासाठी आणलेलं असतं म्हणून ही चूक हटकून होते.

नाक वाहतंय का हे बघायचं तर पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला बघा. ससा पंजानं नाक पुसतो, तिथले केस चिकटून गुठळ्या झालेल्या असतात. सर्दी नवीन सशात सामान्य आहे, पण तिच्यामागं बहुधा पाश्चुरेला नावाचा जंतू असतो आणि तो छातीत उतरू शकतो. मान एका बाजूला वाकडी झाली, ससा गोल गोल फिरू लागला, तर तोही त्याच दिवशी न्यायचा रुग्ण.

सध्या पावसाळा आहे म्हणून आणखी एक. जुलाबानं शेपटीखाली केस ओले, घाण राहिले की माश्या बसतात आणि दिवसभरात आळ्या पडतात. जखम असायलाच हवी असं नाही. रोज दोनदा उलटं करून बघा, घाण लागली तर ओल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसून कोरडा करा. सशाला अंघोळ घालू नका, भीतीनंच तो गळाठतो आणि ओल्या अंगानं निवतो.

हे पिल्लू तरलं तर मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तुमची खरी परीक्षा आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यत्वे कानांतून बाहेर टाकतो, आणि हवा ३० अंशांच्या वर गेली की त्याला जड जायला लागतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. गच्चीवर, गोठ्याच्या पत्र्याखाली, बाल्कनीत पिंजरा ठेवून दुपारी कामाला गेलेली घरं संध्याकाळी रडत येतात. घरातली सगळ्यात गार जागा त्याला द्या. माळवदाचं जुनं घर असेल तर खालची खोली. फरशीवर ओलं करून पिळलेलं बारदान, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून, कूलरचा झोत थेट अंगावर न येता खोलीभर फिरता. पाणी मातीच्या परळात, जड असतं म्हणून सांडत नाही आणि गारही राहतं. कान लालबुंद, नाकपुड्या जोरात, तोंड उघडं, हनुवटी ओली दिसली तर तो उष्माघात. कान साध्या पाण्यानं ओले करत राहा, सावलीत न्या आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

खाण्याचं सांगतो, कारण आजार निम्मा तिथंच टळतो. चित्रात ससा गाजर खातो म्हणून लेकरं गाजर भरवतात. गाजर त्याच्यासाठी पेढा आहे, आठवड्यात दोन-तीन चकत्या बस. त्याचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवस-रात्र समोर, हवं तेवढं. दात आयुष्यभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत रगडूनच. शहरातून महागडं गवत मागवायची गरज नाही. पवन्या, मारवेल, बांधावरचं डोंगरी गवत फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवलं तर उत्तम. कडब्याची वाळलेली पानं चालतात, धाटाचा तुकडा कुरतडायला द्या. कोवळी ज्वारी आणि खोडव्याचे फुटवे मात्र कधी नको. जनावराला किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, सशाचंही तेच आहे. वाळलेल्या गवताला कुबट वास आला, पावसात भिजून बुरशी धरली असेल तर ते गुरांनाही घालू नका. लसूणघास पिल्लांना चांगला, वर्षाच्या वरच्या सशाला थोडाच, त्यात चुना जास्त असतो.

हिरव्यात कोथिंबीर, मेथी, शेपू, मुळ्याचा पाला, हरळी. नवं पान आणलं तर आज एक, उद्या दोन. कोबी-फ्लॉवरनं वायू धरतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला नको. रानातून पाला आणताना गाजरगवत, घाणेरी, रुई, धोतरा, कण्हेर, एरंड यातलं काही मिसळलेलं नाही ना ते बघा, आणि कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या कडेचं गवत तर आणूच नका, फवारणी तिथपर्यंत गेलेली असते. बाजारातली भाजीही आधी पाण्यात बुडवून, दोनदा धुऊन, निथळून.

जाता जाता एक. ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीत रानात सशाची पिल्लं सापडतात आणि लोक ती घरी आणतात. तो रानससा, वेगळ्या जातीचा. पिंजऱ्यात तो बहुधा धास्तीनंच मरतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पाळता येत नाही. आई पिल्लाजवळ दिवसभर नसते, अंधार पडल्यावर येते. सापडलं तर तिथंच राहू द्या.

आता लेकीचं. तिनं विचारलं असेल की पहिलं पिल्लू कुठं गेलं, आणि तुम्ही बहुधा सांगितलं असेल की रानात सोडून दिलं. मी एवढ्या घरांतून पाहिलंय, लेकरांना कळतं. तिला सांगा की ते आजारी होतं, आपण जपलं, तरी ते मेलं. कुठं पुरलं ते दाखवा. खड्डा अडीच-तीन फूट खोल असू द्या, नाहीतर कुत्री उकरतात आणि लेकराला ते दिसणं फार वाईट. आणि दुसऱ्याच्या उपचारात तिला एक काम द्या. लेंड्या मोजायचं काम लेकरं फार मनापासून करतात. एवढं करूनही हे पिल्लू गेलं तर? जाऊ शकतं. इतक्या लहान वयात, इतक्या आधीच धरलेला आजार कधी कधी आपल्या हातांपेक्षा पुढं असतो. तुम्ही काल रात्री पिल्लू कोपऱ्यात बसलेलं पाहिलंत, लेंडीचा आकार बदललेला पाहिलात, आणि सिरप पाजायच्या आधी विचारलंत. निष्काळजी माणूस यातलं एकही करत नाही.

जोडीदार लगेच आणू नका. ससा एकटा कंटाळतो हे खरं, पण आजारी घरात नवं पिल्लू आणणं म्हणजे तिसरा रुग्ण आणणं. याचा उपचार पूर्ण होऊ द्या, पुन्हा एकदा लेंडी तपासून स्वच्छ निघू द्या, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. मग आणायचाच तर आठ आठवड्यांच्या वरचा, आणि बाजारातून नको. ज्याच्याकडं आई-बाप ससे बघता येतील अशा पाळणाऱ्याकडून घ्या. उचलून शेपटीखाली बघा, कोरडं हवं. कान आतून, नाक, पुढचे पंजे बघा. तुमच्यासमोर गवत खाताना बघा, न खाणारा ससा फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो सध्या काय खातोय ते विचारून आठवडाभर तेच चालू ठेवा. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आधी जुन्याचं काम मग नव्याचं, मध्ये हात साबणानं धुऊन. आणि नर-मादी डॉक्टरकडून ठरवून घ्या. लहानपणी भलेभले चुकतात, आणि सशीण ३१ दिवसांत विते.

आत्ता मात्र हे सगळं बाजूला ठेवा. पोटाला हात लावून बघा, कान बघा, ऊब द्या, पाणी द्या, डबीत लेंड्या घ्या आणि दुपारचं ऊन चढायच्या आत निघा. डॉक्टरांनी काय दिलं त्याची नावं आणि संध्याकाळपर्यंत किती लेंड्या पडल्या ते मला कळवा.